आबांचं कोरडं पान

आमच्या शेजारचे आबा पदार्थ जिभेनं चाखत नसत, कानानं चाखत. हसू नका, मी या डोळ्यांनी पाहिलंय. उन्हात पसरलेली भेंडीची काचरी उचलायची, उजव्या कानाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि दोन बोटांत धरून मोडायची. ‘कट्’ असा खणखणीत आवाज आला की स्वारी खूश. ‘टप्’ असा मवाळ आवाज आला की काचरी परत सुपात. “ओल आहे अजून,” म्हणायचे. “ओल मोठी लबाड असते, सूनबाई. वरून दिसत नाही.”

सूनबाई म्हणजे मी. त्यांची नव्हे, आळीची. लग्न होऊन कल्याणात आले त्याच उन्हाळ्यात एका दुपारी परसात पापड राखत बसले होते, तर कुंपणापलीकडून एक सुरकुतलेला हात आला आणि माझ्या कानापाशी कारल्याची चकती मोडली. मी किंचाळले. सासूबाई हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आल्या. आबा पलीकडे शांत उभे. “घाबरायला काय झालं? कारलं आहे,” म्हणाले. “आवाज कसा वाटला ते सांग.” नव्या नवरीनं परपुरुषाशी बोलायचं नाही, म्हणून मी पदराआडून सासूबाईंना सांगितलं की चांगला वाटला, आणि सासूबाईंनी ते कुंपणापलीकडे सांगितलं. तेवढ्यावर आमची गट्टी जमली.

आबा मामलेदार कचेरीतून पेन्शनीत निघालेले कारकून. उंच, काटकुळे, काळेसावळे. सासूबाई म्हणत, या माणसाला तरुणपणी कुणीतरी उन्हात विसरून गेलंय. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटेच. कचेरीनं त्यांना पेन्शन दिली तशी एक खोडही दिली होती. कुणी काही बोललं की लगेच, “व्याख्या सांगा.” आज फार उकडतंय म्हणावं, तर फार म्हणजे किती? व्याख्या सांगा. डोक्यावर पाटी घेऊन आगरीण भाजीवाली यायची, तिलाही सोडत नसत. “ताजी म्हणतेस, ताजीची व्याख्या काय?” ती घाईची, पाटी उतरवायच्या आधीच म्हणायची, “घ्याची त घ्या, आबा, मना येल नाय.” मग आबा मुकाट्यानं शेरभर गवार घ्यायचे.

वाळवणाचा नाद त्यांना पहिल्यापासून होताच, पण तो नाद होता तोवर ठीक होतं. पुढे त्याचं जे झालं त्याचं कारण आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. कारण त्यांची लेक.

द्वारका ही त्यांची एकुलती एक. ठाण्याला दिलेली, जावई शाळेत मास्तर. जावयांच्या एका मित्रानं विधवेशी लग्न लावलं. जावई त्या लग्नाला नुसते गेले असते तरी चाललं असतं, पण ते पंगतीला बसून जेवले. प्रायश्चित्त घ्या म्हटलं, तर म्हणाले, “लाडवाचं पाप कसलं?” झालं! घर वाळीत पडलं. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. त्या घरी भटजी जायचा नाही, न्हावी जायचा नाही, शेजारीण विस्तव द्यायची नाही. आणि त्या घरी जो कुणी अन्नपाणी घेईल तोही वाळीत. मग तो बाप का असेना.

आबा एकदा जाऊन आले. ओट्यावर बसून बोलायला काही बंदी नव्हती. परत आले ते तडक आमच्या परसात येऊन उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, “पोरगी दाराशी उभी राहून विचारत होती, आबा, काही घेणार का? मी म्हटलं, पोट भरलंय गं.” सासूबाईंनी विचारलं, “काय खाऊन गेला होतात?” तर म्हणाले, “काही नाही.”

मग पडा की वाळीत, असं म्हणायला सोपं आहे. एकटा म्हातारा माणूस. ताप आला तर पेज आळीतून येणार, आणि उद्या डोळे मिटले तर खांदाही आळीच देणार. आबा काही बंडखोर वगैरे नव्हते हो. जन्मभर साहेबाच्या हुकमाखाली शाई वाळवलेला माणूस. त्यांना वाळीत पडायचं नव्हतं आणि लेकीकडे जेवायचंही होतं. नुसतं काहीतरी तोंडात टाकायचं नव्हतं. पाटावर बसून, पान मांडून, तिच्या हातचं वाढलेलं जेवायचं होतं. हे दोन्ही एकदम कसं जमायचं? दुसरा कुणी असता तर रडत बसला असता. आबा उठले आणि व्याख्या विचारायला गेले.

देवळाच्या ओट्यावर झालेलं ते संभाषण आमच्या घरच्या माणसांनी स्वतः ऐकलं, घरी येऊन नकलेसकट सांगितलं.

“शास्त्रीबुवा, अन्न म्हणजे काय?”

“हे काय विचारणं झालं? अन्न म्हणजे अन्न.”

“ही व्याख्या नव्हे.”

“बरं. शिजतं ते अन्न.”

“म्हणजे फळ अन्न नव्हे.”

“नव्हे. फळ उपासालाही चालतं.”

“सुकवलेलं फळ?”

“तेही नव्हे.”

“भेंडी हे झाडाचं फळच ना?”

शास्त्रीबुवांनी तपकिरीची डबी काढली. विचार करायचा असला की ते तपकीर ओढत. “म्हणायला गेलं तर फळच,” म्हणाले.

“मग वाळवलेली भेंडी...”

“आबा, तुम्हाला नक्की हवंय काय?”

“व्याख्या.”

शेवटी शास्त्रीबुवा कंटाळले, नाहीतर कंटाळल्यासारखं तरी त्यांनी केलं. त्यांनाही लेकी होत्या. म्हणाले, “हे बघा, चुलीवर पाण्यात शिजलं ते अन्न. पाण्याशिवाय नुसतं भाजलं किंवा उन्हात वाळलं, ते अन्न नव्हे. झालं समाधान?”

“चार माणसांदेखत बोललात,” आबा म्हणाले. “झालं.”

तिथून जे सुरू झालं ते काय सांगू! आळीतल्या टवाळांना तर रोजचा खेळ झाला. ‘लेक वाळीत नि बाप वाळवणात’ असं खुशाल त्यांच्या अंगणासमोरून ओरडत जायचे. आबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

नुसत्या उन्हावर काम भागण्यासारखं नव्हतं. कल्याणची हवा खाडीची. सकाळी खुळखुळीत वाळलेलं दिवेलागणीला सादळतं. म्हणून त्यांनी एक पेटी करवली. घासलेटच्या खोक्याच्या फळ्या, आतून काजळ फासलेलं, वर स्टेशनातल्या जुन्या कंदिलाच्या काचा तिरप्या बसवलेल्या, खाली हवा शिरायला भोकं, वर निघायला भोकं. आत बांबूच्या जाळ्या नि त्यांवर जुन्या धोतराचं मऊ फडकं. दुपारी आत हात घातला तर चटका बसायचा. मी एकदा कौतुकानं म्हटलं, “आबा, ही तर सूर्याची चूलच झाली.” माझ्यावर असे डाफरले! “चूल म्हणू नकोस! चूल म्हटलं की आतलं सगळं अन्न झालं. पेटी म्हण, पेटी!” तेव्हापासून आळीनं मुद्दाम चूलच म्हणायला सुरुवात केली.

पेटीत त्यांनी काय काय घातलं ते विचारू नका. दुधी घातला, तो सापडलाच नाही. कलिंगडाच्या फोडी घातल्या, त्यांचा कागद झाला. सासूबाईंनी त्यात सुपारी बांधून पाहिली. एकदा वाटीभर शहाळ्याचं पाणी ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाटी कोरडी ठणठणीत. आबांनी वाटी पालथी करून पाहिली नि म्हणाले, “वाळलं. जरा जास्तच वाळलं.”

पण साधलं तेही सांगायला हवं. केळ्यांची सुकेळी अशी साधली की वसईवाल्यांनी हात टेकावेत. आवळे किसून मीठ लावून वाळवले. मेथी वाळवली, ती हातावर चुरली की भुगा नि वास मात्र हिरवागार. गवार ताकमिठात घोळून वाळवली. कैरीच्या फोडी, कारली, फणसाचे गरे, पिकल्या आंब्याची पोळी. आणि मिठातली भेंडी! ती त्यांची खास. इतकी कुरकुरीत की तिच्यावर नुसता श्वास सोडला तरी सादळायची. तोंड फडक्यानं बांधून तिच्यावर वाकलेले आबा बघितले की मला हसू आवरायचं नाही.

एकदा पेटी उघडी असताना बंदराकडून एक कावळा आला आणि त्यानं चोचीतला सुका बोंबील बरोबर भेंडीवर टाकला. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, “शिव शिव शिव! टाका ते सगळं उकिरड्यावर!” आबांनी चिमट्यानं बोंबील उचलला. आणि मग, काय सांगू बाई, सवयीनं कानाशी नेऊन मोडला. कट्! “काय वाळलाय हो!” तोंडातून निघून गेलं त्यांच्या. नंतर भानावर आले आणि विहिरीवर जाऊन घडाभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं. पण भेंडी काही टाकली नाही. “कोरड्यावर कोरडं पडलं. कोरड्याला विटाळ नाही,” हे त्यांचं म्हणणं. सासूबाईंनी पुढे कितीतरी दिवस त्यांच्याकडची आंबापोळी घेतली नाही. मी घेतली, माळ्यावर बसून खाल्ली.

तर पान मांडायचं होतं. पानाची डावी बाजू पहिल्याच उन्हाळ्यात उरकली. मीठ, आवळ्याची चटणी, कैरी, झालं. उजवीकडे भाजी झाली. भाताच्या जागी साळीच्या लाह्या. त्या भाजलेल्या, तेव्हा व्याख्येत बसल्या. गोड तर होतंच. अडलं ते आमटीपाशी.

सासूबाई म्हणाल्या, “अहो, नसली आमटी तर काय बिघडलं?” तशी आबांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाले, “वहिनी, आमटी नसली तर तो फराळ झाला. फराळ उपऱ्यानं करावा. मला माझ्या मुलीकडे जेवायचंय.” त्या दिवसापासून सासूबाईंनी थट्टा सोडली.

पुढल्या उन्हाळ्यात आमटी जमली. भाजलेल्या डाळीचं पीठ, चिंच, गूळ, काळा मसाला असं सगळं कुटून एकजीव करायचं आणि पातळ थापून पेटीत घालायचं. तुकडा मोडून जिभेवर ठेवायचा आणि चघळायचा. पहिला तुकडा मला दिला. दात आंबले, डोळे मिटले, कानात कळ गेली. पण खोटं का बोलू, आमटीच होती ती. फक्त पाणी तेवढं नव्हतं. मी तसं सांगितलं तर आबा लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले.

आणि योग असा की त्याच वैशाखात ठाण्याला माझ्या भावाची मुंज निघाली. घरच्या माणसांना सवड नव्हती, आणि मला एकटीला कोण सोडणार? आबा सोबत करतो म्हणाले. सासूबाई सगळं समजून होत्या. मला निघताना हळूच म्हणाल्या, “वाटेत द्वारकीकडे थांबतील. घाई करू नकोस हो.”

सकाळी आबा तयार होऊन आले. परीटघडीचं धोतर, डोक्याला पागोटं, काखेत पानाचं गाठोडं आणि हातात फिरकीचा तांब्या. पूर्वी प्रवासाला निघालेला माणूस घरचं पाणी घेऊनच निघायचा. त्या तांब्याचं झाकण फिरकीनं इतकं घट्ट बसायचं की आडवा टाकला तरी थेंब सांडायचा नाही. तांब्या त्यांनी गाडीत मांडीवर धरला तो सोडलाच नाही.

वैशाखाचं ऊन, त्यात आगगाडीचा डबा म्हणजे भट्टी. मुंब्र्याच्या अलीकडेच माझ्या घशाला कोरड पडली. मी म्हटलं, “आबा, घोटभर पाणी द्याल का?” तर त्यांनी तांब्या आणखी जवळ ओढला. “आलंच ठाणं,” म्हणाले. मला असा राग आला! माझ्या सोबतीला आलेला माणूस आणि घोटभर पाणी देववत नाही? स्टेशनात उतरल्यावर पाणीवाल्या ब्राह्मणाकडून मी ओंजळीनं पाणी प्यायले. आबांना विचारलं, तर त्यांचं लक्षच नाही. तरातरा पुढे चालायला लागलेले.

तळ्यामागच्या एका बोळात द्वारकेचं घर. आम्ही बोळात शिरलो तशी समोरची खिडकी लागली. द्वारका दारातच उभी होती. आबांनी आधी निरोप धाडला होता, तरी चेहरा असा, की येतील न येतील. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल, पण वाळली होती अगदी. जावई शाळेत गेलेले. तिनं पाट मांडला, रांगोळी काढली, केळीचं पान मांडलं आणि बाजूला उभी राहिली. पुढे काय करायचं ते तिला कळेना, कारण वाढायला तिच्याकडचं काही चालणार नव्हतं.

आबांनी गाठोडं सोडलं. एकेक पुरचुंडी तिच्या हातात दिली. “हे मीठ. ही चटणी. हे डावीकडे वाढ. ही गवार, ही मेथी. ह्या लाह्या मधोमध. ही आमटी.”

“ही आमटी?” तिनं तुकडा उजेडात धरला.

“आमटीच आहे. सूनबाईला विचार.”

मी उंबऱ्याशी बसून मान डोलावली. द्वारकेनं पदर खोचला आणि वाढायला घेतलं. सावकाश, एकेक जिन्नस, जिथल्या तिथे. पान भरलं. आबा पाटावर बसले, चित्राहुती घालायला बोटं वळवली, मग पानात ओल नको म्हणून नुसतेच हात जोडले आणि जेवायला लागले. सगळ्या घरात आवाज फक्त कट् कट् कट्. मला हसू फुटलं. द्वारकाही तोंडावर पदर धरून हसायला लागली. “आबा, अहो, उंदीर शिरल्यासारखं वाटतंय!” आबा तोंड भरलेलं असताना म्हणाले, “आणखी लाह्या वाढ.”

तिनं लाह्या वाढल्या. त्यांनी घास घेतला, आणि उचकी लागली.

पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. द्वारका लहानपणच्या सवयीनं म्हणाली, “आठवण काढतंय कुणीतरी.”

“काढणारी समोर... हिक्... समोर उभी आहे,” आबा म्हणाले. तेही हसत होते. पण उचकी थांबेना. लाही घशाला चिकटलेली, त्यात सगळं खारट नि कोरडं. डोळे लाल झाले. त्यांनी सवयीनं, घाईघाईत तांब्या ओढला, फिरकी फिरवली, आ करून तांब्या तोंडावर पालथा केला. आतून भेंडी पडली. मिठातली भेंडी, तांब्याभर! मिशांवर, धोतरावर, पानात.

खाडीच्या हवेत भेंडी सादळू नये म्हणून घट्ट झाकणाचं भांडं हवं होतं, आणि घरात घट्ट झाकणाचं भांडं तेवढं एकच होतं. आबांनी पाण्याच्या तांब्यात भेंडी भरली होती आणि पाण्याचं विसरले होते. सगळ्या जगातली ओल काढण्यात इतके गुंतले होते की माणसाला तहान लागते हेच लक्षात राहिलं नाही.

आम्ही तिघंही त्या भेंडीकडे बघत राहिलो. मग पुन्हा उचकी आली, आता कळ आल्यासारखी. द्वारका आत धावली आणि पाण्याचा गडू भरून घेऊन आली. पण दोन पावलांवर येऊन थबकली. गडू तिनं पाठीमागे लपवला. माझ्याकडे वळून म्हणाली, “वहिनी, विहीर कोपऱ्यावरच आहे. तुम्ही आणलंत तर चालेल. तुमच्या हातचं चालेल त्यांना.” मी उठलेच होते. आबांनी हात वर केला.

“सूनबाई, बस.”

“आबा, आत्ता आणते.”

“बस म्हटलं ना!” मग लेकीकडे वळले. “द्वारके, काय लपवतेस? दे.”

“नको, आबा.” ती रडायला लागली. “जन्माचे एकटे पडाल. माझ्यामुळे नको. खरंच नको.”

“पडायचं काय राहिलंय?” आबा म्हणाले. उचकीनं शब्द तुटत होते. “शास्त्र्याला अन्नाचं विचारलं मी. निकाल अन्नपाण्याचा होता. पाण्याचं विचारायचं... हिक्... राहिलंच. आता कल्याणला जाऊन विचारून येऊ? दे इकडे.”

ती हलली नाही, तेव्हा ते स्वतःच पाटावरून उठले. तिच्या पाठीमागून गडू काढून घेतला. वरून प्यायले असते तर पुढे काही वाद घालायला जागा होती. त्यांनी गडूला तोंड लावलं. डोळे मिटून, गटागटा, सगळा गडू संपवला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर उतरलं, धोतर भिजलं, तरी गडू खाली ठेवला नाही.

मागाहून काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. कल्याणला परतल्यावर ते घरी न जाता आधी देवळात गेले आणि कुणी विचारायच्या आत म्हणाले, “लेकीकडे पाणी प्यायलो.” शास्त्रीबुवांनी तपकीर ओढली आणि विचारलं, “वरून प्यायलात ना?” साऱ्यांना कळलं की शास्त्रीबुवा दार उघडून देताहेत. आबा म्हणाले, “तोंड लावून.” मग काय, इलाजच उरला नाही. सासूबाईंनी कुंपणाशी उभं राहून डोळ्यांना पदर लावला, पण तेवढंच. आबांनी घराला कुलूप लावलं, पेटी आमच्या परसात ठेवली आणि ठाण्याला लेकीकडे राहायला गेले. त्या दिवशी त्या घरी मी काय खाल्लं म्हणाल, तर बायकांनी काय खाल्लं ते विचारायला पंच येत नसतात.

तर गडू रिकामा झाला आणि उचकी थांबली. आबा पुन्हा पाटावर बसले, पण पानाला हात लावेनात. द्वारकेनं डोळे पुसले.

“आबा, भात टाकू?”

“टाक,” आबा म्हणाले. “चांगला ओला, आसट टाक. तुझ्या घराला वाळीत टाकलं त्या दिवसापासून मी घरी चूल पेटवली नाही गं. हेच खातो.”